भाऊ नौदलाच्या ट्रेनिंगला निघालाय, घरच्यांनी काय करावं?

प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ अग्निवीर एसएसआर, म्हणजे नौदलातला खलाशी, म्हणून निवडला गेलाय. तीन आठवड्यांत त्याला ओडिशात आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर हजर व्हायचंय. आमच्या घरात आजवर फौजेत कुणी गेलेलं नाही. आई आत्तापासून रडतेय, बाबा गावभर सांगत सुटलेत. तो तिकडे असताना आम्ही त्याला आधार कसा द्यायचा? काय करायचं, काय टाळायचं?"

ताई, मी सव्वीस वर्षं नौदलात होतो. मास्टर चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. त्यातली पाच वर्षं नव्या पोरांना शिकवण्यात गेली. आता आमच्या भागातल्या भरती झालेल्या मुलांच्या घरी जाऊन बसतो, आई-वडिलांशी बोलतो. भरती कशी होईल हे विचारायला रोज कुणी ना कुणी येतं. भरती झाल्यावर घरानं काय करायचं, हे विचारणारी माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. तुम्ही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मीच एक विचारतो. चौकात फ्लेक्स लागलाय का?

लागला नसेल तर लावू देऊ नका. लागला असेल तर बाबांना समजावून तो मुलगा निघायच्या आत उतरवा. त्यांच्या आनंदावर पाणी टाकायला सांगत नाही. कारण ऐका. यादीत नाव आलं, कॉल-अप लेटर हातात पडलं, तरी चिल्काला पोचल्यावर अंतिम वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात काही मुलं परत येतात. पुढे ट्रेनिंगमध्ये दुखापत झाली, एखाद्या परीक्षेत मागे पडला, तर मुलगा पुढच्या बॅचला ढकलला जातो. त्याला आमच्याकडे रिलीगेट होणं म्हणतात. यातलं काहीही चांगल्या, मेहनती मुलाच्या बाबतीत घडू शकतं. आमच्या शेजारच्या गावचा एक मुलगा असाच वैद्यकीय तपासणीतून परत आला. गावाबाहेर त्याचा सहा फुटी फोटो होता, खाली तीसेक शुभेच्छुकांची नावं. तो घरी आलाच नाही. दोन महिने मामाकडे राहिला. आई-वडिलांना वाटत होतं, पोरगं ट्रेनिंगला आहे. मी त्याला भेटलो तेव्हा तो म्हणाला, "काका, मेडिकलचं काही नाही, पण त्या फोटोखालून घरी कसा जाऊ?"

मला तुम्हाला सांगायचं आहे त्याचं मूळ इथंच आहे. मुलगा तिकडे सकाळी अंधारात उठतो, धावतो, ओरडा खातो, दमतो. ते त्याला झेपतं. सतरा-अठरा वर्षांचं शरीर आणि मन खूप काही पेलतं. त्याला झेपत नाही ते हे, की आपण हरलो तर घराचं काय होईल. घराची अब्रू, बाबांची मान, आईचा नवस, सगळं आपल्या एका परेडवर टांगलंय असं ज्याला वाटतं तो मुलगा दुखणं लपवतो, भीती लपवतो आणि शेवटी मोडतो. म्हणून तो निघायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसानं, शक्यतो बाबांनी स्वतःच्या तोंडानं, त्याला एकदा सांगायला हवं: "तू पूर्ण करून आलास तर आनंद आहे. काही कारणानं मध्येच यावं लागलं तर हे घर तुझंच आहे, कुणी एक शब्द बोलणार नाही." बाबांना हे अवघड जाईल. आपल्याकडचे बाप असलं बोलत नाहीत. तुम्ही बाजूला बसा, पण वाक्य त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

आता निघण्याआधीच्या तीन आठवड्यांबद्दल.

कान आणि दात. हसू नका, नौदलाच्या भरतीच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं की तपासणीआधी कानातला मळ काढून घ्या आणि दात साफ करून घ्या. तालुक्याच्या डॉक्टरकडे दोन फेऱ्यांचं काम आहे. एखादा दात किडलेला असेल तर तो आत्ताच बघून घ्या. तिकडे धावपळीत दाढ ठणकायला लागली की मुलगा रात्रभर जागतो आणि सकाळी पुन्हा फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभा राहतो.

धावणं सोडू देऊ नका. भरतीच्या वेळी १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत काढलं, आता निवड झाली, म्हणून बरीच मुलं मधला काळ सत्कार आणि जेवणावळींत घालवतात. तिकडे पोचल्यावर एकदम सगळं सुरू होतं: पीटी, परेड, इकडून तिकडे पळत जाणं, बूट घालून तासन् तास उभं राहणं. नडगीच्या हाडावर अचानक ताण आला की आधी ते दुखतं आणि दुर्लक्ष केलं की हाडाला बारीक चीर जाते. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. तो होऊ नये म्हणून शरीराला आधीपासून थोडी थोडी सवय हवी. रोज थोडं धावणं आणि जाड तळव्याच्या बुटात चालणं, एवढं या तीन आठवड्यांत पुरे. शेवटच्या आठवड्यात अंगाला कस लावून पाय दुखवून घेऊ नका.

पोहणं येतं का? कोरडवाहू भागातल्या मुलांना बऱ्याचदा येत नाही. नौदलात ते शिकवतात, घाबरायचं कारण नाही. पण आठ दिवस जरी पाण्यात उतरला, तोंड पाण्याखाली घेऊन श्वास सोडायला शिकला, तरी तिकडची अर्धी भीती जाते. विहिरीवर पोहणाऱ्या मुलांची एक खोड असते, डोकं कायम वर ठेवून हात मारतात. ते त्याला आत्ताच सोडायला सांगा. आणि सोबत पोहता येणारा मोठा माणूस असल्याशिवाय विहिरीत उतरू देऊ नका.

भाषा. परेडच्या आज्ञा हिंदीत, वर्गातले शब्द बरेचसे इंग्रजी, खोलीतली मुलं केरळपासून हरियाणापर्यंतची. आपली खेड्यातली पोरं पहिले पंधरा दिवस गप्प राहतात, कारण हिंदी बोलताना लाज वाटते. इन्स्ट्रक्टरला वाटतं हा ढ आहे. तीन आठवडे घरात रोज अर्धा तास त्याच्याशी हिंदीत बोला. चुका होऊ द्या.

कागदपत्रं पत्रात लिहिली असतील तशीच न्यायची, मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पाकिटांत. नावाच्या स्पेलिंगमध्ये आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि बँक खातं यांत फरक असेल तर तो आज दुरुस्तीला टाका. बाकी सामान कमी. डब्यातले लाडू प्रवासात संपतील एवढेच द्या. आईला वाईट वाटेल, पण तिथं ते ठेवायला कपाटात जागा नसते.

चिल्का नेमकं कुठं आहे हेही आईला नकाशावर दाखवा. ओडिशातला खोरधा जिल्हा, चिलिका सरोवराच्या काठी. जवळचं रेल्वे स्टेशन बालुगाव. नौदलातल्या खलाशांचं प्राथमिक प्रशिक्षण तिथं १९८० सालापासून चालतं. मी स्वतः तिथूनच घडलो. आईला 'ओडिशा' हा शब्द म्हणजे काळोख वाटतो, सरोवर आणि त्याच्या काठचं रेल्वे स्टेशन दिसलं की जरा कमी वाटतो. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. त्या किनाऱ्यावर चक्रीवादळं येतात. टीव्हीवर लाल गोल फिरायला लागला की घरं घाबरतात. नौदलाच्या तळावर पक्क्या इमारती आहेत, आणि वादळात इतरांच्या मदतीला जाणारी जी माणसं असतात ती तिथंच असतात. त्या दिवसांत फोन लागला नाही तर नेटवर्क गेलंय एवढंच समजा.

तो पोचल्यावर पहिले तीन आठवडे सगळ्यात कठीण. त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. मोबाइल जमा होतो. बोलायला ठराविक वेळ मिळतो, बहुधा सुट्टीच्या दिवशी, आणि तोही थोडा. पहिला फोन येईल तेव्हा त्याचा आवाज बसलेला असेल. ओरडून ओरडून सगळ्यांचाच बसतो. आई म्हणेल, पोरगं रडलंय. रडलाही असेल. मी रडलो होतो, माझ्या शेजारच्या खाटेवरचा पंजाबचा आडदांड मुलगाही रडला होता, आणि आम्ही दोघांनी पुढे वीस-वीस वर्षांहून जास्त नोकरी केली.

त्या पाच मिनिटांत काय बोलायचं यावर मी घरोघरी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आपल्याकडे फोन असा होतो: जेवलास का, बारीक झालास का, कुणी मारतं का, झोप मिळते का, तुझ्याशिवाय घर खायला उठतं, आजीनं अंथरूण धरलंय, हे घे बाबांशी बोल, हे घे काकूशी बोल. फोन संपतो तेव्हा मुलाच्या डोळ्यांत पाणी असतं आणि दोन मिनिटांत त्याला रांगेत उभं राहायचं असतं.

त्याऐवजी आधी ठरवा की एका फोनला एकच माणूस बोलेल, पुढच्या वेळी दुसरा. पहिलं वाक्य घर ठीक असल्याचं. मग त्याला बोलू द्या. त्याला एक प्रश्न नक्की विचारा: "तुझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा कुठला रे?" साधा प्रश्न वाटतो, पण त्यातून मला आणि तुम्हाला सगळं कळतं. तो जर म्हणाला, "तो बिहारचा आहे, त्याला बुटाची पॉलिश भारी जमते, मला शिकवतो," तर तुमचा भाऊ रुळतोय. तीन-चार आठवड्यांनीही त्याला शेजारच्याचं नाव सांगता येत नसेल तर मात्र लक्ष ठेवा. ट्रेनिंग एकट्यानं पार पडत नाही. तिथं शिक्षा एकाला क्वचितच होते, सगळ्या तुकडीला होते, आणि ती सोसायला शेजारचा लागतो.

तो तक्रारी करेल. जेवण आवडत नाही, झोप पुरत नाही, अमुक इन्स्ट्रक्टर फार ओरडतो. ऐकून घ्या. "हो रे, अवघड आहे," एवढं म्हणा. लगेच उपाय सुचवू नका, "आमच्या वेळी" सुरू करू नका आणि कुठं ओळख लावायला धावू नका. तक्रार सांगून तो मोकळा होतो आणि विसरतो. तुम्ही मात्र आठवडाभर ती घेऊन बसता आणि पुढच्या फोनला त्याला पुन्हा आठवण करून देता. असं होऊ देऊ नका.

पत्र लिहा. खरोखर लिहा, कागदावर. फोन संपला की संपला, पत्र उशाखाली राहतं. पत्ता तो पोचल्यावर कळवेल. नाव, त्याचा क्रमांक आणि डिव्हिजन, म्हणजे त्याची तुकडी, अचूक लिहिली नाहीत तर पत्र त्या गर्दीत हरवतं. पत्रात उपदेश नको. म्हैस व्याली, बाबांनी बोअरची मोटर पुन्हा भरून आणली, समोरच्या बंड्यानं गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी पाडली, असलं लिहा. आम्हा शिकवणाऱ्यांना पत्र वाटताना चेहरे दिसायचे. ज्याला पत्र नाही तो बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचा. आईला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं, तुम्ही लिहावं, पण तिच्याच शब्दांत. तुमच्या शुद्ध मराठीत लिहिलेलं आईचं पत्र त्याला आईचं वाटणार नाही.

दुखापतीबद्दल आता नीट ऐका, कारण मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान मी इथं पाहिलंय. नडगी दुखतेय, गुडघा सुजलाय, ताप आहे, तरी मुलगा सिक बेमध्ये, म्हणजे तळावरच्या दवाखान्यात, जात नाही. एकतर बाकीचे कामचुकार म्हणतील ही भीती, दुसरी रिलीगेट होण्याची. एका मुलाला मी ओळखतो, त्यानं दुखणारा पाय बारा दिवस लपवला. पहिल्या दोन दिवसांत सांगितलं असतं तर आठवडाभराची विश्रांती पुरली असती. त्याला पुढे काही महिने काठी घेऊन फिरावं लागलं. त्याला विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाला, "घरी सांगितलं होतं. वडील म्हणाले, सहन कर, मर्दासारखा." वडिलांचा हेतू वाईट नव्हता. पण हजार-बाराशे किलोमीटरवरून हाडाला गेलेली चीर दिसत नाही. दुखणं रोज वाढतंय, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतंय, विश्रांतीतही ठणकतंय, असं तो म्हणाला तर तुमच्या घरातून एकच उत्तर जायला हवं: आज डॉक्टरला दाखव. तसंच उन्हाचं. तिथं हवा दमट असते, घाम सुकत नाही. चक्कर, उलटी, डोकं जड असं काही वाटलं तर तिथल्या तिथं इन्स्ट्रक्टरला सांगायचं, हे निघण्याआधीच त्याच्याकडून वदवून घ्या.

घरात वाईट काही घडलं तर? हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही आणि मग घोळ होतो. मी ट्रेनिंगला असताना माझी आजी गेली. तिनंच मला वाढवलं होतं. घरच्यांनी ठरवलं, पोराला सांगायचं नाही, त्याचं मन विचलित होईल. दोन महिन्यांनी गावच्या एका मित्राच्या पत्रातून मला कळलं, तेही एका ओळीत, सहज. त्या दिवशी आजीच्या जाण्यापेक्षा मला एक वेगळीच गोष्ट लागली. त्यानंतर घरचं प्रत्येक पत्र वाचताना वाटायचं, हे खरं लिहितायत की लपवतायत? घर ठीक आहे या वाक्यावरचा विश्वास उडाला, आणि तिथं तग धरायला तेवढाच आधार असतो.

म्हणून लपवू नका. पण थेट मुलाला फोनवर किंचाळून सांगूही नका. प्रत्येक मुलगा एका डिव्हिजनमध्ये असतो आणि त्याचा एक डिव्हिजनल ऑफिसर असतो. मुलांची काळजी घेणं, अडचणी ऐकणं, रजेचा अर्ज पुढे नेणं हे त्याच्या कामाचा भाग आहे. मुलगा पोचला की पहिल्या फोनलाच त्याच्याकडून डिव्हिजनचं नाव आणि संपर्काचा क्रमांक लिहून घ्या आणि तो कागद देवघराजवळ चिकटवा. घरात मृत्यू झाला, कुणी अत्यवस्थ असलं, तर आधी तिकडे कळवा. कोण, काय नातं, कधी घडलं, कोणत्या हॉस्पिटलमध्ये, हे नेमकं सांगा. ते मुलाला जवळ बसवून सांगतात, त्या रात्री त्याच्यावर नजर ठेवतात, आणि रजेचा निर्णय जागेवर होतो. छोट्या गोष्टी मात्र, म्हणजे बाबांचा बीपी वाढला, दोन काकांत बांधावरून भांडण झालं, त्याला सांगायची गरज नाही. त्यानं विचारलं तर खोटं बोलू नका, एवढंच.

याच कागदाचा आणखी एक उपयोग. अशी फोन करणारी टोळकी आहेत जी म्हणतात, "तुमचा मुलगा हॉस्पिटलमध्ये आहे," किंवा "पोलिसांनी पकडलाय, ताबडतोब पैसे पाठवा." दुसरे म्हणतात, चांगली ब्रँच, म्हणजे कामाचा विभाग, मिळवून देतो, एवढे द्या. नौदल घरच्यांकडे असे पैसे मागत नाही आणि ब्रँच कुणी विकत देत नाही. फोन ठेवा आणि आपल्या कागदावरच्या क्रमांकावर खात्री करा.

आता तो फोन, जो बहुतेक घरांना एकदा तरी येतो. "ताई, मला परत यायचंय." साधारण दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येतो. तेव्हा घरात दोन टोकं होतात. आई म्हणते ये रे बाळा, बाबा म्हणतात तोंड दाखवू नको. दोन्ही चुकीची. तुम्ही फोन घ्या. त्याला म्हणा, "बरं. यायचं असेल तर ते आपण ठरवू, पण आज नाही. आज मला सांग, काल काय झालं?" बहुतेक वेळा काल काहीतरी विशिष्ट झालेलं असतं. पोहण्याच्या तलावात घाबरला, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, मित्र परत गेला. ते बाहेर आलं की त्याला पुढच्या रविवारपर्यंतचा वेळ मागा. या रविवारी त्याला परत यायचं असतं. पुढच्या रविवारी तो तुम्हाला नवीन शिकलेल्या गाठी सांगत असतो. माझ्यासमोर असे किती रविवार गेले, मोजले नाहीत.

पण प्रत्येक वेळी ही निव्वळ घराची आठवण नसते. झोप पूर्ण उडाली आहे, खाणं सुटलंय, बोलताना एका शब्दात उत्तर येतं, किंवा "मी नसलो तर तुमचं बरंच होईल" असं काही तो बोलला, तर रविवारची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डिव्हिजनल ऑफिसरला कळवा, स्पष्ट शब्दांत. यानं त्याची बदनामी होईल, नोकरी जाईल, असा विचार करत बसू नका. नौदलात डॉक्टर आहेत, मानसोपचाराची सोय आहे. घरात तुम्हा कुणाला त्या ताणानं झोप लागत नसेल, तर सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ हा रात्रंदिवस चालतो, तिथं मराठीत बोलता येतं.

कधी कधी नीट विचार करून, आठवडे देऊन, बोलून झाल्यावरही मुलाचं मन तिथं नसतं. मग नियम काय सांगतात ते डिव्हिजनमध्येच विचारायचं आणि जे होईल ते स्वीकारायचं. मी अशी मुलं पाहिली आहेत. त्यातला एक आज उत्तम शिक्षक आहे.

पैशाचं थोडक्यात. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले आहेत. त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी हा आकडा ४०,००० होतो. कापलेल्या रकमेएवढीच रक्कम सरकार घालतं, आणि चार वर्षांनी सुमारे १०.०४ लाख रुपये अधिक व्याज मिळतं. सेवेच्या काळात ४८ लाखांचं विमा कवच आहे, त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे घेतात. हे आकडे घरात सगळ्यांना माहीत असू द्या, कारण मी पाहिलंय की मुलगा अजून परेड ग्राउंडवर धावतोय आणि इकडे त्या दहा लाखांवर घराचा स्लॅब ठरलाय, बहिणीच्या लग्नाचा हॉल ठरलाय. ताई, तुमच्या लग्नाचाही विषय निघेल. तुम्हीच नाही म्हणा. ते पैसे त्याच्या पंचविशीआधीच्या नव्या सुरुवातीसाठी आहेत, कदाचित त्याला पुढे शिकायचं असेल. आणि त्याच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी कुणी आणली तर सांगा, या चार वर्षांत अग्निवीराला लग्न करता येत नाही.

मोबाइल आणि फोटो. तो पास होऊन गणवेशातला फोटो पाठवेल तेव्हा घरात फ्रेम करा, पण कुठल्या जहाजावर आहे, कधी निघतंय, कुठं जातंय, हे स्टेटसला टाकू नका. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात नौदलातली काही माणसं पकडली गेली. समाजमाध्यमांवरून ओळख वाढवून त्यांना फसवलं होतं. त्यानंतर नौदलानं तळांवर आणि युद्धनौकांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं. अशी माहिती काढणारी माणसं बहिणीशी मैत्री करूनही काढतात. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये राहायचं तर राहा, पण तिथली "आतली बातमी" आईला वाचून दाखवू नका. एका मुलाला ताप आला की ग्रुपवर संध्याकाळपर्यंत अर्धी बॅच आजारी असते.

ट्रेनिंग साधारण सोळा आठवड्यांचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेली अग्निवीरांची पहिली बॅच २८ मार्च २०२३ ला बाहेर पडली. अडीच हजारांहून जास्त मुलं, त्यात २७३ मुली. त्यांची पासिंग आऊट परेड सूर्यास्तानंतर झाली, भारतीय सैन्यदलांत तसं पहिल्यांदाच घडलं. दिव्यांच्या उजेडात पांढरे गणवेश, शेकडो बूट एका वेळी पडतात. आम्ही भर उन्हात केली होती, पण ही पाहिली तेव्हा मला भरून आलं.

बोलावणं आलं तर आई आणि बाबा दोघांनाही न्या. मुंबई-पुण्याहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्स्प्रेस आहे, दीड दिवसाचा प्रवास, पण आरक्षण आयत्या वेळी मिळत नाही. तारीख पुढे-मागे होऊ शकते, तेव्हा कळवलेली तारीख पक्की झाल्याशिवाय सगळ्या भाऊबंदांची तिकिटं काढू नका. किती जणांना प्रवेश आहे ते पत्रात असतं, ओळखपत्रं मूळ न्या. आणि एक सांगतो. तिथं तुम्ही त्याला लांबून ओळखणार नाही. सगळे एकसारखे दिसतात, काळे पडलेले, केस बारीक, ताठ. आई गोंधळते, "माझा कुठला?" म्हणून. परेड संपल्यावर तोच शोधत येईल. आल्यावर लगेच मिठी मारावी की सॅल्यूट करावा हे त्याला कळणार नाही. आईला पुढे करा, बाकीचं होतं आपोआप.

परेड झाली म्हणजे शिकणं संपलं असं घरच्यांना वाटतं. पुढे समुद्रावरचं प्रशिक्षण असतं, युद्धनौकेवर, आणि मग त्याच्या कामानुसार शाळा. इंजिनाकडे गेला तर लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, विजेच्या कामाकडे गेला तर जामनगरचं आयएनएस वलसुरा, तोफखान्याकडे गेला तर कोचीचं आयएनएस द्रोणाचार्य. लोणावळा मिळालं तर आईची चैन आहे. समुद्रावर असताना फोन लागत नाही. चिल्कामधला ठराविक वाराचा फोन तरी असायचा, इथं वारही नाही. काही दिवस, कधी आठवडे. तेव्हा घर पुन्हा पहिल्या दिवसाइतकंच घाबरतं. "पोराला काही झालं असतं तर आधी नौदलानं कळवलं असतं," हे आईला तेव्हा पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

आईबद्दल शेवटी लिहितोय, पण काम तिच्यापासून सुरू करा. तिचं रडणं थांबवू नका, तिला काम द्या. दर शुक्रवारी तिचं पत्र. त्यासाठी आठवडाभर घरातल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या. बाबांचं वेगळं. ते रडणार नाहीत, संध्याकाळी पाराजवळ जास्त बसतील आणि झोपताना एकदा फोनची बॅटरी बघतील. त्यांनाही महिन्यातून एक फोन एकट्यानं बोलायला द्या, खोलीतून बाकीचे बाहेर.

आणि पहिलं पत्र तो निघायच्या आधीच लिहून ठेवा. तो स्टेशनवरून गेला की घरी येऊन लिहायला घेतलं तर ते रडवं होतं. आज लिहा, तो शेजारच्या खोलीत मोजे शोधतोय तेव्हा. पत्ता कळला की त्याच दिवशी टाका.